खांदा आखडलाय, हात वर जात नाही. व्यायाम करायचा की विश्रांती?

सुरंगी | ६ मे, रात्री ११.२०

आमचं घर मालवण तालुक्यात, आचऱ्याजवळ. वय ५२. जानेवारीत डावा खांदा दुखायला लागला तेव्हा मी मनावर घेतलं नाही. माळ्यावरची पातेली काढताना हिसका बसला असेल, असं वाटलं. मार्चपर्यंत अशी गत झाली की ब्लाउजचा हूक लावायला मुलीला हाक मारावी लागते, अंबाडा घालता येत नाही, रहाटाचा दोर ओढताना डावा हात खांद्याच्या वर जातच नाही. दिवस कसाबसा निघतो, रात्र निघत नाही. चुकून त्या कुशीवर वळले तर अशी कळ येते की पुढची झोप संपली. उजाडेपर्यंत पडवीत बसून काढते.

एप्रिलमध्ये कणकवलीला दाखवून आले. एसटीत जागा नव्हती, सव्वा तास एका हाताने दांडी धरून उभी होते. एक्स-रे अगदी स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, फ्रोझन शोल्डर आहे, व्यायाम करा, वर्ष-दीड वर्ष लागेल. गोळ्या आणि व्यायामाचा छापील कागद दिला. बाहेर रांग होती, मला पुढे काही विचारायला सुचलं नाही.

नंतर शेजारणीच्या सांगण्यावरून एका चोळणाऱ्याकडे गेले. त्याने काखेत गुडघा टेकवला आणि हात एकदम वर ओढला. मी ओरडले. चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही आणि आधी जेवढा हात उचलत होते तेवढाही उचलेना.

छापील कागदावर लिहिलंय ‘दररोज व्यायाम करा’. जाऊबाई म्हणतात, दुखलं तरी रेटून कर, नाहीतर कायमचा जाईल. आई म्हणते, हात गळ्यात बांधून ठेव. दोघींचं ऐकून मी थकले आहे. नक्की काय करायचं? डॉक्टरांनी इंजेक्शनचंही सुचवलं होतं, त्याची भीती वाटते. आणि महिन्याभरात पाऊस येईल, लावणी तोंडावर आहे.

---

खाडीकाठ | ६ मे, रात्री ११.५२

ताई, माका समजता तुमचा दुखणा. माझो डावो खांदो दोन वर्सांपूर्वी असोच आखाडलो होतो. पाग मारूक जमणा नाय होता. पागाचा जाळा फेकूक दोनय हात वर जाऊक होये, कमरेतून फिरूक होया. आता बरो आसय, गेल्या पावसापासून परत पाग मारतंय. धीर सोडू नकात. बाकीचा जाणकार सांगतीत.

---

माड_सावली | ७ मे, सकाळी ६.४०

सुरंगीताई, मी वेंगुर्ल्याकडे फिजिओथेरपिस्ट आहे. सविस्तर लिहिते, कारण तुमच्यासारख्या बायका माझ्याकडे दर आठवड्याला येतात आणि बहुतेक जणी आधी असंच कुठेतरी ओढून घेऊन आलेल्या असतात.

झब्बा शिवताना शिंपी काखेत एक कळी घालतो. ती असते म्हणून हात वर केला तरी कापड ओढलं जात नाही. खांद्याच्या सांध्याभोवती पातळ, सैल आवरण असतं. त्यालाही काखेच्या बाजूला अशीच सैल घडी असते आणि हात वर जातो तेव्हा ती उलगडते. फ्रोझन शोल्डरमध्ये हे आवरण आधी सुजतं, मग जाड होतं आणि आकसतं. कळी शिवून टाकल्यासारखी होते. पुढच्या-वरच्या बाजूचा एक अस्थिबंध तर इतका आखडतो की हात बाहेरच्या बाजूला वळणं सगळ्यात आधी बंद होतं.

हा मऊ भागाचा आजार आहे, एक्स-रेत हाड दिसतं. म्हणून तुमचा एक्स-रे स्वच्छ आला. तो काढला हे चांगलंच झालं. सांध्याची झीज, निखळलेला सांधा, हाडातला दोष असं काही नाही, एवढं त्यातून कळलं.

घरी एक करून बघा. कोपर कमरेला चिकटवा, काटकोनात वाकवा आणि कोपर न हलवता पंजा बाहेर न्या, दार उघडतो तसा. आधी चांगला हात, मग दुखरा. मग मुलीला दुखरा पंजा हळूच बाहेर न्यायला सांगा, जोर न लावता. तुम्ही स्वतः नेलात तरी अडतो आणि दुसऱ्याने नेला तरी तिथेच अडतो, असं असेल तर ते फ्रोझन शोल्डरचं लक्षण. खांद्याचा स्नायुबंध फाटलेला असतो तेव्हा माणसाला स्वतः हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर बहुधा जातो. हा फरक कळला नाही तर उपचार चुकतात.

आता तुमचा मुख्य प्रश्न. जाऊबाई आणि आई दोघींचं थोडं थोडं बरोबर आहे, पण वेगवेगळ्या महिन्यांसाठी.

या आजाराच्या तीन अवस्था असतात. पहिल्या अवस्थेत दुखणं जास्त, रात्री तर फारच, आणि हालचाल हळूहळू कमी होत जाते. ही साधारण दोन ते नऊ महिने चालते. दुसरीत दुखणं ओसरतं पण हात लाकडासारखा होतो. चार ते बारा महिने. तिसरीत तो सुटायला लागतो, त्याला पाच महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत लागू शकतात. अवस्था एकमेकींत मिसळतात, कॅलेंडर बघून बदलत नाहीत.

तुम्ही अजून पहिल्या अवस्थेत आहात. आवरण सुजलेलं असताना ते ताणलं की सूज वाढते आणि आखडणंही वाढतं. चोळणाऱ्याकडून आल्यावर तुमचं जे झालं ते याचंच. पण हात गळ्यात बांधून अजिबात हलवायचाच नाही, हेही नको, त्यानेही आखडतो. दुखण्याच्या अलीकडे थांबून, थोडा थोडा, दिवसातून अनेकदा हलवायचा. माझा साधा नियम असा: व्यायामानंतर दुखणं अर्ध्या तासात पहिल्यासारखं झालं पाहिजे. रात्री जास्त दुखलं तर त्या दिवशी जास्त झालं, दुसऱ्या दिवशी निम्मं करा.

एक विचारते. शेवटची साखर कधी तपासली होती?

---

सुरंगी | ७ मे, सकाळी ९.१५

कळीचं उदाहरण लगेच कळलं, मी स्वतः शिवणकाम करते. चाचणी करून बघितली. उजवा पंजा व्यवस्थित बाहेर जातो, डावा जेमतेम चार बोटं. मुलीने नेला तरी तिथेच अडला.

साखर कधीच तपासली नाही. काही त्रासच नाही. वडिलांना होती.

---

माड_सावली | ७ मे, दुपारी १.३०

मग ताई, या आठवड्यात तपासाच. उपाशीपोटीची, आणि शक्य असेल तर तीन महिन्यांच्या सरासरीची, एचबीए१सी. थायरॉईडही करून घ्या. मधुमेह असणाऱ्यांमध्ये हा आजार इतरांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो. सर्वसाधारण लोकांत शंभरात दोन ते पाच जणांना होतो, मधुमेहींमध्ये शंभरात दहा ते वीस जणांना. माझ्याकडे काही जणींचा मधुमेह खांद्यामुळेच सापडला.

साखर जास्त राहिली की शरीरातली चिवट तंतूंची प्रथिनं कडक होत जातात, आणि खांद्याचं आवरण त्याच तंतूंचं असतं. काही जुन्या मधुमेहींना नमस्कार करताना दोन्ही तळवे पूर्ण चिकटवता येत नाहीत, मध्ये फट राहते. तेही याच जातीचं.

---

पालखीचा_भोई | ७ मे, रात्री ८.०५

माझं मत थोडं वेगळं आहे. माझ्या मामांचा खांदा सात-आठ महिने आखडलेला होता. संगमेश्वरकडे एका जाणकाराने एका झटक्यात मोकळा केला. कड् असा आवाज आला आणि त्याच दिवशी हात वर गेला. शिमग्याला पालखीला खांदा दिला त्यांनी. सगळेच चोळणारे वाईट नसतात, पिढ्यान् पिढ्यांची विद्या आहे ती. मोठे डॉक्टरसुद्धा भूल देऊन हेच करतात ना?

---

डॉक्टर_खाडीपट्टा | ७ मे, रात्री १०.१०

पालखीचा_भोई, प्रश्न रास्त आहे. मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, म्हणून उत्तर देतो.

भूल देऊन हात मोकळा करण्याची पद्धत आहे, हे खरं. पण भुलीत सगळे स्नायू सैल पडलेले असतात, रुग्ण प्रतिकार करत नाही. हाडं ठिसूळ आहेत का हे आधी बघितलेलं असतं, आणि हात दंडाच्या वरच्या भागाला धरून, कमी लांबीच्या तरफेने, ठरावीक क्रमाने हलवतात. एवढं करूनही कधी कधी दंडाचं हाड मोडतं. जागा माणूस वेदनेने स्नायू आवळतो. त्याच वेळी मनगटाला धरून झटका दिला तर सगळा जोर हाडावर आणि स्नायुबंधावर जातो. पन्नाशीच्या पुढच्या बाईच्या बाबतीत मला याची फार भीती वाटते. असं मोडलेलं हाड मी जोडलेलं आहे.

मामांचा हात सुटला याचा आनंद आहे. सात-आठ महिन्यांनी काहींचा आपोआप सुटायलाही लागतो. पण त्यांना बरं वाटलं म्हणून चार महिन्यांच्या सुजलेल्या खांद्याला तोच झटका द्या, असं मी कोणालाही सांगणार नाही.

रेटून व्यायाम करण्याबद्दल एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. २००४ साली नेदरलँड्समध्ये ७७ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला वेदनेच्या पलीकडे जाऊन जोरकस ताण दिले, दुसऱ्याला समजावून सांगितलं, वेदनेच्या आतले झुलते व्यायाम दिले आणि झेपेल तेवढी रोजची कामं करायला सांगितली. दोन वर्षांनी सौम्य गटातले ८९ टक्के लोक जवळपास पूर्ण बरे होते, जोरकस गटातले ६३ टक्के. अभ्यास छोटा होता. पण मी रोज जे बघतो त्याच्याशी तो जुळतो.

---

पालखीचा_भोई | ७ मे, रात्री १०.४५

समजलं डॉक्टर. हाड मोडू शकतं हे मला माहीत नव्हतं. मामांना पण साखर आहे, त्यांना हा धागा दाखवतो.

---

नीरफणस | ८ मे, सकाळी ७.३०

इंजेक्शनबद्दल मी लिहिते, कारण मी घेतलंय. मला आठ वर्षं मधुमेह आहे. गेल्या वर्षी उजवा खांदा गेला, चौथ्या महिन्यात सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं. सुई टोचली तेव्हा दुखलं, त्या रात्री थोडं जास्तही दुखलं. तिसऱ्या रात्री मी सलग पाच तास झोपले. कित्येक महिन्यांनी. सकाळी उठल्यावर मला रडू आलं.

पण साखर मात्र चढली. एरवी उपाशीपोटी १३०-१४० असते ती दुसऱ्या दिवशी २६० झाली. हे होणार असं मला कोणी आधी सांगितलं नव्हतं, घाबरून गेले. आठवड्याभरात खाली आली. मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना आधीच विचारा आणि घरी मोजायची तयारी ठेवा.

---

डॉक्टर_खाडीपट्टा | ८ मे, दुपारी २.२०

नीरफणस यांनी फार महत्त्वाचं लिहिलं. साखर बहुधा दोन-तीन दिवस ते आठवडाभर चढते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डोस कसा सांभाळायचा हे आधी ठरवून घ्यावं, आणि साखर मुळातच फार वाढलेली असेल तर ती आटोक्यात आणून मग इंजेक्शन द्यावं.

‘स्टेरॉइड’ म्हटलं की लोक दचकतात. सांध्यात एकदा दिलेलं इंजेक्शन आणि वर्षानुवर्षं पोटात घेतलेल्या गोळ्या, यात फार अंतर आहे. सूज असते तोवर, म्हणजे पहिल्या अवस्थेत, त्याचा उपयोग सगळ्यात जास्त. वेदना कमी होते, झोप लागते आणि त्या मोकळ्या आठवड्यांत व्यायाम करून घेता येतो. इंजेक्शन घेऊन नुसतं बसून राहिलं तर अर्धा फायदा वाया गेला. खांदा लाकूड झाल्यावर, दुखणं नसताना घेतलं तर फारसं हाती लागत नाही.

शस्त्रक्रियेचं विचारतात म्हणून सांगतो. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. एका गटाला इंजेक्शनसह नीट आखलेली फिजिओथेरपी, दुसऱ्याला भूल देऊन हात मोकळा करणं, तिसऱ्याला दुर्बिणीतून आवरण सोडवणं. वर्षभराने तिन्ही गटांत रुग्णाला जाणवेल असा मोठा फरक नव्हता. दुर्बिणीच्या गटात गंभीर गुंतागुंती जास्त होत्या. म्हणून मी आधी साधे उपाय पुरते करून बघतो. सहा महिने प्रामाणिक प्रयत्न करूनही हात जागचा हलला नाही, तर पुढचं बोलतो. मधुमेहींचा खांदा जास्त हट्टी असतो, त्यांच्यावर ही वेळ जास्त येते.

---

अबोली_र | ८ मे, रात्री ९.००

निगडीच्या पाल्याचा शेक आणि महानारायण तेल चालेल का? आमच्या वैद्यांनी याला अवबाहुक म्हटलं होतं.

---

माड_सावली | ९ मे, सकाळी ६.५५

अवबाहुकाचं वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. खांद्याचं हे दुखणं आपल्या लोकांना आजचं नाही. तेल हलक्या हाताने लावा, शेक घ्या. स्नायू सैल होतात आणि व्यायाम सोपा जातो. मी स्वतः बायकांना सांगते, सकाळी न्हाणीत कढत पाण्याचे चार तांबे खांद्यावर घ्या आणि लगेच व्यायामाला लागा. चोळून रगडू मात्र नका. मधुमेहींनी शेकाची पुरचुंडी आधी चांगल्या हातावर टेकवून बघावी. बधिर कातडीला चटका कळत नाही, नंतर फोड येतात.

सुरंगीताई, सध्या तुम्ही करायचं ते लिहिते.

झुलता हात: जेवणाच्या टेबलावर किंवा ओट्यावर चांगला हात टेकवून कमरेतून वाका, दुखरा हात लोंबू द्या. अंग हळू डोलवा, म्हणजे हात आपोआप झुलेल, कळशी दोराला झुलते तसा. खांद्याचा स्नायू वापरून हलवायचा नाही. एक-दोन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. या व्यायामाला कॉडमन यांचं नाव आहे. अर्नेस्ट कॉडमन हे बोस्टनचे शल्यचिकित्सक. ‘फ्रोझन शोल्डर’ हे नावही त्यांनीच १९३४ साली दिलं, आणि हा आजार समजायला आणि बरा करायला अवघड आहे हेही तेव्हाच लिहून ठेवलं.

ओटा पुसणं: दोन्ही तळवे फडक्यावर ठेवा आणि फडकं पुढे सरकवत जा, जाईल तिथवर. परत या. हात उचलावा लागत नाही, तरी खांदा उघडतो.

काठी: पाठीवर झोपा, कोपरं अंगाला चिकटलेली. दोन्ही हातांत लाटणं किंवा छत्री आडवी धरा आणि चांगल्या हाताने दुखरा पंजा बाहेर ढकला. अगदी थोडा. ही हालचाल सगळ्यात आधी गेलेली असते आणि लोक नेमकी हीच विसरतात.

पाठीमागे टॉवेल धरून ओढणं आणि भिंतीवर बोटं चढवणं अजून नको. ते दुसऱ्या अवस्थेत.

आणि झोप. पाठीवर झोपताना दुखऱ्या दंडाखाली घडी घातलेली गोधडी ठेवा, म्हणजे खांदा मागे पडत नाही. चांगल्या कुशीवर झोपलात तर छातीशी उशी घ्या आणि दुखरा हात तिच्यावर. कपडे घालताना दुखरा हात आधी बाहीत, काढताना दुखरा हात शेवटी. समोर हूकचा ब्लाउज शिवून घ्या, शिवणकाम येतंच तुम्हाला.

लावणीबद्दल: आवण (भाताची रोपं) काढताना आणि लावताना हात कमरेच्या खाली असतो, त्याचा खांद्याला फार त्रास नाही. रोपांच्या मुठी डोक्यावरून वाहणं, बांधावर चढताना हाताने ओढून घेणं, हे टाळा.

---

दर्याबाजू | ९ मे, रात्री १०.३०

विषय खांद्याचा आहे म्हणून एक सांगून ठेवतो. माझ्या आत्याचा उजवा खांदा आखडला, सगळ्यांनी फ्रोझन शोल्डर धरून वर्षभर शेक आणि व्यायाम केले. चालताना तिचा तो हात हलत नाही, अंगाला चिकटलेला राहतो, हे तिच्या नातीच्या लक्षात आलं. अक्षरही बारीक बारीक होत चाललं होतं. पार्किन्सन, म्हणजे कंपवात, निघाला. औषध सुरू झाल्यावर खांदाही बराच सुटला.

---

डॉक्टर_खाडीपट्टा | १० मे, सकाळी ८.१५

दर्याबाजू, हे इथे लिहिलंत, फार बरं केलंत. पार्किन्सनचं पहिलं लक्षण म्हणून खांदा आखडलेला मी पाहिला आहे.

डाव्या खांद्यात दुखतंय, सोबत छाती दडपतेय, घाम फुटतोय, चालल्यावर वाढतंय, असं असेल तर व्यायामाचा कागद बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा. ताप, खांदा लाल-गरम-सुजलेला, पडल्यानंतर अचानक हात न उचलणं, हातात मुंग्या किंवा ताकद जाणं, कारण नसताना वजन उतरणं; यांपैकी काहीही असेल तर ‘आखडलाय, सुटेल’ म्हणून वाट बघू नका. हात मोडून प्लास्टरमध्ये असलेले, अर्धांगवायू झालेले, स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या बायका, यांचा खांदा हात न हलवल्याने आखडतो. घरच्यांनी पहिल्या दिवसांपासून डॉक्टरांना विचारून तो हलता ठेवावा.

---

सुरंगी | १९ जून, रात्री ९.५०

साखर तपासली. एचबीए१सी ८.१ आली. मला मधुमेह आहे आणि मला माहीतच नव्हतं. दोन दिवस सुन्न होते. आता गोळी सुरू केली आहे, रात्रीचा भात कमी केलाय, संध्याकाळी खाडीपर्यंत चालत जाऊन येते. साखर थोडी उतरल्यावर, मागच्या आठवड्यात इंजेक्शन घेतलं. नीरफणस यांनी लिहिलं होतं म्हणून साखर चढली तरी घाबरले नाही, रोज मोजली, सहाव्या दिवशी उतरली.

झोपते आता. एवढंच लिहायला आले होते.

---

नीरफणस | १९ जून, रात्री १०.०५

ताई, डोळ्यात पाणी आलं वाचून.

---

सुरंगी | १२ सप्टेंबर, दुपारी ३.१०

दुखणं खूप कमी झालंय पण हात तिथेच. गणपतीला मूर्तीच्या वरची माटवी बांधताना मी नुसती खाली उभी राहून कवंडळं आणि कांगण्या वर देत होते. दरवर्षी मी बांधते. फार वाईट वाटलं. नऊ महिने झाले, अजून हात कानापर्यंतही जात नाही. माड_सावलीताई, मी काही चुकतेय का?

---

माड_सावली | १२ सप्टेंबर, रात्री ९.३०

तुम्ही काहीच चुकत नाही. दुखणं गेलं आणि आखडणं राहिलं, म्हणजे दुसरी अवस्था आली. या अवस्थेतच लोक कंटाळून सोडून देतात, आणि आता ताण द्यायची वेळ आली आहे. मे महिन्यात मी जे करू नका म्हटलं होतं ते आता करायचं.

तुमच्याकडे विहिरीवर रहाट आहे, मग कप्पी मिळेलच. पडवीच्या वाशाला डोक्याच्या वर कप्पी टांगा, तिच्यावरून सुती दोर सोडा, दोन्ही टोकांना हाताची पकड बांधा. खाली खुर्चीवर बसा, पाठ सरळ. चांगल्या हाताने खाली ओढा, दुखरा हात आपोआप वर जाईल. ताणल्यासारखं वाटेल तिथे दहा-पंधरा सेकंद थांबा, मग सोडा. दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. खांदा कानाकडे उचलला जात असेल तर ती फसवी उंची आहे. आरशात बघा किंवा मुलीला बघायला सांगा.

भिंतीवर बोटं चढवायचीही आता. रोज कुठवर गेली तिथे पेन्सिलची खूण आणि तारीख लिहा. दाराच्या चौकटीला पंजा टेकवून अंग दुसरीकडे वळवा, म्हणजे बाहेरचं वळणं सुटेल. पाठीमागचा टॉवेल सगळ्यात शेवटी, कारण ती हालचाल सगळ्यात उशिरा येते.

दर आठवड्याला एवढ्या लांब येणं जमत नसेल तर महिन्यातून एकदा या, मी मोजून पुढचं सांगेन. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग असतो, खर्चाची अडचण असेल तर तिथेही दाखवता येईल.

---

खाडीकाठ | १३ सप्टेंबर, सकाळी ६.२०

माझ्या भिंतीर अजून खुणो आसत. पुसूक दिलंय नाय घरच्यांका.

---

सुरंगी | २८ मार्च, संध्याकाळी ७.४०

बऱ्याच दिवसांनी आले. भिंतीवरच्या खुणा ऑक्टोबरभर एकाच जागी होत्या. नोव्हेंबरमध्ये दोन बोटं वर गेल्या, डिसेंबरमध्ये एक वीत. शिमग्याच्या आदल्या दिवशी मी स्वतःचा अंबाडा स्वतः घातला. मुलगी दारात उभी राहून बघत होती, दोघीही काही बोललो नाही.

एचबीए१सी ६.७. वरच्या फळीवरचा डबा निघतो, रहाट ओढते. पाठीमागे हात अजून कमरेच्या पट्ट्यापर्यंतच जातो, हूक नाही लागत.

---

माड_सावली | २८ मार्च, रात्री ९.१५

किती छान बातमी दिलीत! मागचा हात येईल अजून, सहा महिने तरी सुधारणा चालू राहते. खोटं सांगणार नाही, चार-पाच वर्षांनीही दहापैकी चार जणांना थोडंफार दुखणं किंवा अडणं राहतं. पण त्यातल्या बहुतेकांचं सौम्य असतं, कामं अडत नाहीत. टॉवेलचा व्यायाम अंघोळीनंतर रोज करा.

---

कोकमसरबत | ३० मार्च, सकाळी १०.००

पूर्ण धागा वाचला. मी गुहागरकडची, वय ४७. माझा उजवा खांदा तीन वर्षांपूर्वी असाच जाऊन बरा झाला. आता महिन्याभरापासून डावा दुखतोय, रात्री जास्त. तोच रोग परत आला का? की उजव्यातून डाव्यात पसरला?

---

माड_सावली | ३० मार्च, दुपारी १.४५

पसरत नाही. ज्या खांद्याला एकदा होऊन गेला त्याला पुन्हा होणं विरळ. पण पुढच्या काही वर्षांत दुसऱ्या खांद्याला होऊ शकतो, मधुमेह किंवा थायरॉईड असेल तर जास्त. यावेळी तुम्ही पहिल्याच महिन्यात आला आहात. लगेच डॉक्टरांना दाखवा, इंजेक्शनचा फायदा याच वेळी सगळ्यात जास्त असतो. आणि साखर?

---

कोकमसरबत | ३० मार्च, दुपारी २.१०

तीन वर्षांपूर्वी तपासली होती, तेव्हा काठावर होती. नंतर राहून गेलं.

---

सुरंगी | ३० मार्च, दुपारी २.३०

बाई, उद्याच जा. उपाशीपोटी जायचं, त्याआधी चहासुद्धा घेऊ नकोस. आणि आज रात्री झोपायच्या आधी कोपर कमरेला लावून दोन्ही पंजे बाहेर फिरवून बघ, किती फरक आहे ते इथे लिही. मी रात्री बघते.